लहान घराची कौलं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सांगायला माणसं नव्हती असं नाही. हे होते, बहीण होती, अंबरनाथला दोन जिवाभावाच्या शेजारणी होत्या. एकदा तर बहिणीला सांगायचं म्हणून समोर बसलेही होते. चहा गार झाला, आणि मी तिच्या सुनेबद्दलच काहीतरी विचारून मोकळी झाले. तुम्हांला सांगणं त्या मानानं सोपं आहे. तुम्ही मला ओळखत नाही. सगळं ऐकून उठाल, तेव्हा तुमचा चेहरा मला दिसणार नाही.

कुठून सुरुवात करू? घरांपासूनच करते.

आमची दोन घरं होती. बदलापूर गाव ओलांडून बारवी धरणाच्या रस्त्याला लागलं, की थोडं पुढं उजवीकडे एक बैलगाडीची वाट आत जायची. भातखाचरं, मग करवंदीची जाळी, मग एकदम नदी. त्या नदीच्या काठावर, जरा उंचावर, आमची घरं. एक मोठं — तीन खोल्यांचं, स्लॅबचं. एक लहान — एकच खोली, मागं स्वयंपाकाला आडोसा, पुढं ओटा, वर मंगलोरी कौलं. हे अंबरनाथच्या एका कारखान्यात अधिकारी होते. ऐंशीच्या सुमारास त्यांनी ती जमीन घेतली, आणि पाचेक वर्षांत घरं उभी केली. हवापालटाला येणाऱ्या लोकांना आम्ही ती द्यायचो. चार दिवस, आठ दिवस, फार तर महिनाभर. दादर, गिरगाव, मुलुंड — तिकडून माणसं यायची. पत्र टाकायची, पुढं पुढं फोन करायची. ह्यांना नोकरीतून सवड नसायची. म्हणून घरांचं सगळं मीच बघायचे.

आणि मला ते आवडायचं, हे आधीच सांगून टाकते. दोरीवर वाळणाऱ्या दहा-दहा चादरी, मच्छरदाण्यांच्या घड्या, विहिरीवरून भरून ठेवलेले हंडे. रिकाम्या घरात दुपारी एकटीनं बसायचं. बाहेर ऊन, आत गारवा, खाली नदीचा आवाज. आवाज म्हणजे काय, नुसती कुजबुज. बोलणं थांबवलं तरच ऐकू यायची. कधी कधी तिथंच डोळा लागायचा. जाग आली की क्षणभर कळायचं नाही मी कुठली, हे घर कुणाचं, आणि मीच कुणाकडे पाहुणी म्हणून आलेय का. इतकं सुख मला दुसरीकडे कुठं मिळालं नाही. ते टिकावं म्हणून मी काय केलं, तेच सांगायचंय.

लहान घरात दर हिवाळ्यात एक सिंधी जोडपं यायचं, उल्हासनगरचं. खूबचंदशेठ आणि त्यांची बायको. तिला सगळे दादी म्हणायचे, म्हणून मीही दादीच म्हणायला लागले. शेठचा फर्निचरचा कारखाना होता — खाली करवती, रंधे, वर दोन मजल्यांवर कुटुंब. उल्हासनगर ते बदलापूर अंतर ते किती! लोक मुंबईहून यायचे आणि ही दोघं शेजारच्या गावातून, म्हणून आमचे हे हसायचे. पण दादीला नदी हवी असायची. तिचं माहेर सिंधमध्ये, नदीकाठचं. फाळणीत ती सोळा-सतरा वर्षांची होती. त्याबद्दल ती एवढंच सांगायची की घरात निजलं तरी पाण्याचा आवाज यायचा, आणि इकडे आल्यावर निर्वासितांच्या कॅम्पात पहिली कितीतरी वर्षं तिला झोपच लागली नाही.

पहाटे नदीवरून धुकं वर यायचं. ओट्यापर्यंत यायचं आणि थांबायचं. त्या धुक्यात दादी शाल गुंडाळून बसलेली असायची. मी सकाळच्या गाडीनं अंबरनाथहून आले, की ती आधी मला हातानं जवळ बोलवायची, मग कोकी खायला द्यायची. कोकी म्हणजे त्यांची कांदा घातलेली जाड पोळी. आम्ही दोघी काही बोलायचो नाही. तिला मराठी फारसं येत नव्हतं, मला सिंधी अजिबात नाही. तरी तास-तास बसायचो. मला वाटतं — नाही, वाटतं कशाला, खरंच तसं होतं — त्या वर्षांत माझी सगळ्यात जवळची मैत्रीण तीच होती.

बघा, मी अजून मुद्द्यावर येत नाहीये.

नव्वदनंतरचं एक वर्ष. त्या हिवाळ्यात ते आलेच नाहीत. मग माघ संपता संपता शेठ एकटेच आमच्या अंबरनाथच्या घरी आले. हे कामावर होते. शेठ खुर्चीच्या कडेवर बसले, पाणीही घेतलं नाही.

म्हणाले, "भाभी, डॉक्टर बोलला, आता घरी घेऊन जा. औषधाचं काम संपलं. घरी आणली, तर ती बोलते, हे घर नको, नदीवालं घर पाहिजे. तीन हप्ते. ज्यादा नाही लागणार."

आणि मी लगेच म्हटलं, "आणा ना! विचारता काय? तुमचंच घर आहे."

ते रडले. मी पण रडले. हे खरं होतं. त्या घटकेला माझ्या मनात दुसरं काही नव्हतं, याची मी शपथ घेऊ शकते — पण शपथेला आता काय किंमत आहे?

ते गेले आणि मी कपाटातून नव्या चादरी काढून ठेवल्या. दुपारी जेवून आडवी झाले. अर्धवट झोपेत मला लहान घर दिसलं. ओट्यावर माणसं जमलेली, बायका डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या. बाहेर बांबू, गवत, मडकं. आणि मोठ्या घराच्या खिडकीतून मे महिन्यातले पाहुणे ते बघतायत. मी दचकून उठले.

आमच्या वाटेवर आधी एक बंगला लागायचा, तोही असाच भाड्यानं द्यायचे. तिथं दोन वर्षांपूर्वी एक वयस्क पाहुणे गेले होते. झोपेतच, शांतपणे. पण बातमी फुटली. येणारा प्रत्येक जण विचारायचा — कुठल्या खोलीत? कुठल्या पलंगावर? दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत तिथं कुणी येईनासं झालं. दाराला कुलूप लागलं, गवत कमरेएवढं वाढलं. मालकीणबाई मला बाजारात भेटल्या की नजर चुकवायच्या, जणू त्यांनीच काही केलं होतं.

आणि त्याच संध्याकाळी दादरच्या एका बाईंचा फोन आला. त्यांनी मे महिनाभर दोन्ही घरं घेतली होती. सहज म्हणाल्या, "आमच्या सासूबाई फार सोवळ्याच्या हो. तुमच्याकडे आजारी माणसं वगैरे नाही ना ठेवत?"

मी म्हटलं, "छे छे."

एवढंच. त्या "छे छे"नं सगळं ठरलं. पुढचं मी नुसतं त्याच्या मागं मागं जात राहिले.

दुसऱ्या दिवशी शेठना फोन केला. म्हटलं, "फार वाईट झालं. काल बघायला गेले, तर लहान घराचं छप्परच खचलंय. वाशांना वाळवी लागलीय. आजारी माणसाला त्याच्याखाली ठेवता येणार नाही."

"तर मोठं घर द्या, भाभी."

"मोठ्यात पाहुणे यायचेत." कुणीही यायचं नव्हतं. होळीपर्यंत मोठं घर रिकामं होतं.

फोनवर मागं करवत चालल्याचा आवाज. मग ते म्हणाले, "वाळवी ना? माझं कामच आहे ते. उद्या सकाळी येऊन बघतो. माझे कारीगर लावतो, दोन दिवसांत छप्पर उभं करून देतो."

मी रिसीव्हर ठेवला. फर्निचरवाल्या माणसाला मी लाकडाचं खोटं सांगितलं होतं! दुसरं काहीही सांगता आलं असतं — विहीर आटली, आमचे नातेवाईक राहायला आले. तोंडातून वाळवीच का निघाली? आणि अजूनही वेळ होती. परत फोन लावून म्हणता आलं असतं, "शेठ, चुकलं माझं, घेऊन या तिला." फोन समोरच होता. मी त्याच्याकडे बघत बसले, आणि मग उठून बदलापूरला गेले.

घरांची देखरेख चांगुणा करायची. तिथल्याच शेतकऱ्याच्या घरातली. तिचा नवरा धर्मा. मी त्यांना म्हटलं, लहान घराची कौलं उतरवायचीत. सगळी. आजच.

चांगुणा वर बघत राहिली. "बाय, पावसाआधी कौलां उतरवून चालायला अजून वैशाख यायचा हाय. नि लाकूड तं बरा हाय सगला. कशाला उतरवायचा?"

"सांगितलं तेवढं कर," मी म्हटलं. तिच्याशी त्या आवाजात मी त्याआधी कधी बोलले नव्हते.

धर्मा वर चढला. एकेक कौल चांगुणाच्या हातात देत गेला, ती मला देत गेली, मी अंगणात रचत गेले. हो, मी स्वतः. माझे हात लाल झाले, नखांत शेवाळ गेलं. दुपार कलली तसं घर वरून मोकळं होत गेलं. आत, जिथं कधी ऊन पडलं नव्हतं, तिथं वाशांच्या सावल्यांच्या पट्ट्या पडल्या. दादीच्या पलंगावर पडल्या. नदीकाठचा पळस फुलला होता, त्याच्या दोन-चार पाकळ्या वाऱ्यानं आत येऊन पडल्या. खरं सांगू? इतकं सुंदर ते घर मी कधी पाहिलं नव्हतं. मी दारात उभी राहून बघत होते आणि सगळं दुसरंच कुणी करतंय असं मला वाटत होतं.

शेठ सकाळी आले. एकटे आले, हातात दुधाची रिकामी किटली. रचलेली कौलं पाहिली. आत गेले. हात उंच करून एका वाशावर तळवा फिरवला, मग बोटाच्या पेरानं ठोकलं — टक्, टक्. दुसऱ्या वाशावर ठोकलं. मी त्यांच्या सदऱ्याकडे बघत होते. चेहऱ्याकडे बघायची हिंमत नव्हती. चांगुणा अंगणात झाडू घेऊन उभी होती, झाडत मात्र नव्हती.

त्यांनी तळव्याची धूळ सदऱ्याला पुसली. मग म्हणाले, "हां. काम बडा है, भाभी."

"लाकूड मिळायला वेळ लागेल," मी म्हटलं. माझंच मला ऐकू येत होतं.

"लागेल," ते म्हणाले. "आप तकलीफ मत लो." आणि त्यांनी हात जोडले. मला, हात जोडले. मग खाली नदीवर उतरले, किटली भरून घेतली, आणि वाटेनं सावकाश निघून गेले. पाणी सांडू नये म्हणून ते हात अंगापासून लांब धरून चालत होते. करवंदीच्या जाळीमागं दिसेनासे होईपर्यंत मी तिथंच उभी होते. एक हाक मारायची होती फक्त. का नाही मारली?  

दादी त्यानंतर बावीस दिवस होती.

ती गेल्यावर भेटायला मला जावंच लागलं. हे म्हणाले, "इतक्या वर्षांची ओळख, तू नाही जाणार?" उल्हासनगरच्या त्या गल्लीत सगळेच फर्निचरवाले. शेठनी आपली यंत्रं बंद ठेवली होती, पण दोन्ही बाजूंच्या करवती चालू होत्या. दुसऱ्या मजल्यापर्यंत लाकडाचा भुसा उडत होता. दादीची खोली रस्त्याच्या बाजूची. मी तिथं बसले, आणि त्या किंचाळणाऱ्या आवाजात मला कळलं की ती काय ऐकत पडली होती.

सून माझ्या शेजारी येऊन बसली. मराठी चांगलं बोलायची. म्हणाली, "रोज तुमच्या घराचं विचारायची हो. पप्पा सांगायचे, आज वासे आले, आज पट्ट्या ठोकल्या, आता चार दिवसांत कौलं चढतील. मग ती म्हणायची, बॅग भरून ठेव. भरून ठेवली होती मी. शेवटी शेवटी पप्पा परातीत नदीचं पाणी घालून ओंजळीनं वर-खाली करत बसायचे, तिच्या कानाशी. मग तिला झोप लागायची."

शेठनी तिथल्या नातेवाइकांना माझी ओळख करून दिली. म्हणाले, या भाभी, यांच्या घरी हिला फार सुख मिळालं. सगळ्यांनी माझ्याकडे मायेनं पाहिलं. एका म्हातारीनं माझा हात हातात घेतला. मी तो घेऊ दिला.

निघाले तेव्हा शेठ खालपर्यंत पोचवायला आले. बंद कारखान्यात अंधुक उजेड होता, फळ्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या. ते थांबले. माझ्याकडे न बघता, अगदी हळू म्हणाले, "भाभी, तुमच्या घराचं लाकूड साग आहे. जुना साग. त्याला वाळवी नाही लागत."

मी भिंतीला टेकवलेल्या फळ्यांकडे बघत राहिले.

"मी घरात कुणाला नाही सांगितलं. मुलांना पण नाही. तिला तर नाहीच." पुढं ते म्हणाले, "उसको लगना नहीं चाहिए था, कि किसी ने मना किया. एक बार निकाला था ना लोगों ने घर से."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता, तर मी काहीतरी बोलले असते. पाय धरले असते, निदान रडले तरी असते. मी नुसती मान खाली घालून उभी राहिले. मग ते म्हणाले, "आता कौलं चढवून घ्या. बारिश के पहले." आणि जिना चढून वर गेले.

कौलं चढवली. धर्मानं आणि चांगुणानंच चढवली; मी त्या दिवशी गेले नाही. चांगुणानं मला कधी काही विचारलं नाही. ती पुढं सहा वर्षं आमच्याकडे होती, पण ओट्यावर माझ्याशेजारी बसून चहा घ्यायची तिची सवय त्या दिवसापासून सुटली. कप घ्यायची आणि विहिरीकडे जायची.

मे महिन्यात दादरची मंडळी आली. त्यांच्या सोवळ्याच्या सासूबाई लहान घरातच राहिल्या. जाताना मला म्हणाल्या, "फार प्रसन्न वास्तू आहे हो तुमची. इथं कधी काही वाईट घडलेलं नाही, ते कळतं बघा लगेच." मी हसले. त्यांना वाकून नमस्कारही केला.

हे गेले ते याच समजुतीत गेले — की आमच्या लहान घराचं छप्पर एका वर्षी नाइलाजानं उतरवावं लागलं होतं. शेजाऱ्यांनाही ते तसंच सांगायचे. "हिनं एकटीनं करून घेतलं सगळं काम," म्हणायचे, कौतुकानं.

शेठना मी त्यानंतर एकदाच पाहिलं. दोनएक वर्षांनी असेल. घरांसाठी सामान घ्यायला मी उल्हासनगरच्या बाजारात गेले होते. दुपारची वेळ, रस्त्यावर पांढरं ऊन. समोरून ते येत होते. बरेच वाकले होते. त्यांनी मला पाहिलं. लांबूनच ओळखलं आणि दोन्ही हात वर केले, नमस्काराला.

मी बाजूच्या गल्लीत वळले. एका भांड्यांच्या दुकानात शिरले आणि एक पातेलं हातात घेऊन उलटंसुलटं करत राहिले. दुकानदार जाडी सांगत होता, मी मान हलवत होते. बाहेर आले तेव्हा रस्ता रिकामा होता. मग मी गादीवाल्याकडे गेले, आणि लहान घरासाठी दोन नव्या गाद्या सांगितल्या.